आई सध्या कुणाकडे?

नागपूर, ९ फेब्रुवारी १९८१

चि. कमल,

तुझ्या ताईचा आशीर्वाद, तुला आणि नव्या बाईसाहेबांना. मुलगी झाली, फार छान झालं. आता मुद्द्याचं बोलते. आई कधी येते?

तू म्हणाली होतीस, सव्वा महिना झाला की आईला गाडीत बसवून देते. सव्वा महिना होऊन गेला. तू माझी धाकटी बहीण आहेस, तुला घाई करावी असं मला वाटत नाही, पण इथली परिस्थिती ऐक.

संकष्टीला ह्यांनी मोठ्या उत्साहाने साबुदाणा भिजवला, तो कढत पाण्यात. सकाळी पातेल्यात खळ. अशोकने त्या खळीने तीन पतंग चिकटवले आणि चांगले चिकटले म्हणून बाबांची पाठ थोपटली. उपास मी चहावर काढला. बेबी आता सगळे डबे उघडते. मंगळवारी मी घाईत पोळीचा डबा उचलून ऑफिसला गेले. मधल्या सुट्टीत सगळ्या बायका गोल करून बसलेल्या, मी झाकण काढलं तर आत बाहुली. रुमाल पांघरून गाढ झोपलेली. पोळ्या कुठे होत्या ते अजून सापडलेलं नाही, पण बेडरूममध्ये मुंग्या फार झाल्या आहेत.

बेबीला मी शारदाकाकूंकडे ठेवते. शेजारधर्म म्हणून त्या काही बोलत नाहीत, पण परवा मला पाहून त्यांनी दार जरा हळूच उघडलं.

आई होती तेव्हा हे काहीच होत नव्हतं गं. ती काय करायची ते मला कधी दिसलं नाही. आता ती नाही, तर सगळंच दिसतंय. तुला तिथे आयतं गरम जेवण, अंगाला तेल, डिंकाचे लाडू. खा बाई. तुझे दिवस आहेत. पण पुढच्या आठवड्यातली गाडी बघ.

तुझी,
रत्नाताई

भोपाळ, २० फेब्रुवारी

ती. रत्नाताईस,

नमस्कार. रागावून केलेला असला तरी नमस्कारच आहे.

तू तुझ्या घरची परिस्थिती सांगितलीस, आता माझी ऐक. आमच्या बाळूला बहीण पसंत नाही. त्याला वाटलं होतं की खेळायला येईल. ही तर नुसती झोपते आणि रडते. हल्ली तो क्वार्टरमधल्या पोरांत खेळून हिंदीच जास्त बोलतो. परवा मला म्हणाला, "आई, छोटी को वापस दे आओ ना. अस्पतालवाले अच्छे हैं, ले लेंगे." आल्यागेल्याला विचारतो, "ले जाओगे?" सगळे हसून नाही म्हणतात. दूधवाला मात्र हो म्हणाला. तेव्हापासून रोज सकाळी सायकलची घंटी वाजली की हा छकुलीचं दुपटं आणि टोपडं घेऊन दारात उभा. दूधवाला म्हणतो, "कल ले जाऊंगा भैया, आज कैन भरे हैं." हा दिवसभर उद्याची वाट बघतो.

अशात मी आईला पाठवू?

आणि ताई, एकदा स्पष्टच लिहिते. बाबा गेल्यापासून आई तुझ्याकडे आहे. माझ्या बाळूच्या वेळी ती आली आणि तुझ्या अशोकला गोवर निघाला म्हणून बारशाच्या आधी परत गेली. पाळणा मी शेजारच्या कुसुम दुबेंच्या मदतीने म्हटला. त्यांना मराठी येत नाही. माझ्या मुलाला आजी म्हणजे नागपूरहून येणारं पोस्टकार्ड एवढंच माहीत होतं. तुझ्या मुलांना तिच्या कुशीत झोपायची सवय आहे, म्हणून ती नसल्याचं तुला जाणवतं. माझ्या मुलांकडे ती कधी नव्हतीच, मग नसल्याचं काय जाणवणार?

डिंकाचे लाडू संपले. बाळूने खाल्ले.

तुझी कमल

नागपूर, ३ मार्च

कमल,

तुझं पत्र दोनदा वाचलं. बाळूचं वाचून हसले. ह्यांना वाचून दाखवलं, तेही हसले. मग माझ्या लक्षात आलं, एवढ्या लांब पत्रात आई काय करते हे कुठेच नाही.

आईचं कार्ड आलं. त्यात दोन ओळी. "मी बरी आहे. लिहायला वेळ मिळत नाही." वेळ मिळत नाही? माझ्याकडे सहा वर्षांत तिने असं वाक्य लिहिलं नाही, बोललीही नाही. दुपारी ती तासभर पडायची, रेडिओ ऐकायची, शारदाकाकूंशी बोलायची. तू तिला इतकं राबवतेस की चार ओळी लिहिण्याची सवड नाही? छकुलीचे लंगोट तीच धुते ना? त्या बाळूमागे तीच पळते ना? तिचे गुडघे विसरलीस?

मागितलं ते बाळंतपणापुरतं आणि ठेवून घेतलंस कायमचं, असं व्हायला नको. शेजाऱ्यांना मोठी वाटी दिली आणि परत आली नाही, तर आपण दुसऱ्यांदा देत नाही.

रत्नाताई

भोपाळ, १२ मार्च

ती. ताई,

आई वाटी आहे का?

तू लिहिलंस की मी आईला राबवते. वाचून मला रडू आलं. आईने विचारलं काय झालं, मी म्हटलं कांदा. ती म्हणाली, "कांदा तर मी सकाळीच चिरून ठेवला." बघ, आता खोटंही धड बोलता येत नाही मला.

लंगोट हे धुतात. खरंच. कारखान्यातून आल्यावर आधी लंगोट, मग चहा. म्हणतात, मशीनची तेलकट चिंधी धुण्यापेक्षा हे सोपं आहे. आई दुपारी जरा पाय मोकळे करायला बाहेर जाते. गुडघे बरे आहेत. बारसं होळीनंतर करायचं ठरतंय. त्यानंतर उन्हाळा सुरू होईल, उन्हात तिला प्रवास कसा झेपेल? तेव्हा पुढचं पुढे बघू.

बाळू सध्या छकुलीच्या पाळण्यात स्वतः झोपतो. रविवारी कडीचा हुक उपटून खाली आला. त्याला लागलं नाही. आमचं प्लास्टर गेलं.

कमल

नागपूर, १० एप्रिल

कमलिनीबाई,

काल धरमपेठेत चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला गेले होते. हातात पन्ह्याचा पेला, दुसऱ्या हातात आंब्याच्या डाळीची बशी. समोर एक तरुण मुलगी बसलेली, माहेरी आलेली. यजमान कुठे, तर भोपाळच्या टाउनशिपमध्ये. मी म्हटलं, माझी बहीण तिथेच असते, आई सध्या तिच्याकडे आहे. नाव सांगितलं. त्या मुलीने पेलाच खाली ठेवला. "अय्या, म्हणजे तुम्ही झूलाघरच्या नानीजींची मुलगी? माझा मुलगा त्यांच्याशिवाय जेवत नाही हो! आम्ही सगळ्या म्हणतो, नानीजी आल्या आणि आमच्या नोकऱ्या टिकल्या."

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी काय म्हणणार? मी म्हटलं, हो, आमच्या आईला मुलांची आवड आहेच. आणि डाळ गिळली.

झूलाघर म्हणजे पाळणाघरच ना? नोकरी करणाऱ्या बायकांची पोरं ठेवतात ते? माझी बेबी शेजाऱ्यांच्या दारात उभी राहते आणि माझी आई भोपाळमध्ये परक्यांच्या पोरांना भरवते? आणि तू मला "पाय मोकळे करायला" लिहितेस? पाय मोकळे करायला दुपारी, उन्हात?

मला सगळं खरं हवं आहे. टपालाने, परतीच्या.

रत्ना

भोपाळ, १८ एप्रिल

ती. ताई,

सगळं खरं लिहिते. तुला कळू नये असं मला वाटत होतं. तुला राग येईल हे एक कारण, आणि दुसरं, मला लाज वाटत होती. आई माझ्याकडे आली आणि माझ्याकडे राहिली नाही, हे कोणत्या तोंडाने लिहू?

झालं असं. बाळू छकुलीला टिकू देईना, तेव्हा कुसुम दुबे म्हणाल्या, थोडे दिन सुबह झूलाघर भेज दो, मन लग जाएगा. झूलाघर महिला समितीचं आहे, त्या समितीत त्या आहेत. नियम नोकरीवाल्या आयांसाठी, पण त्यांनी सांभाळून घेतलं. आई बाळूला घेऊन गेली. तो तिचा पदर सोडेना, म्हणून तीही तिथे बसली. तिथली बाई गावी गेली होती, दुसरी एकटी, पोरं रडून लाल. आईने एकाचं नाक पुसलं, दुसऱ्याला मांडीवर घेतलं, तिसरा आपोआप येऊन टेकला.

आठवड्याने बाळू म्हणाला, "मेरेको नहीं जाना. आजी सबको लेती है." तो परत घरी आला. आई नाही आली. बाळूने झूलाघर सोडलं, आईने धरलं. मग समितीने तिला रीतसर ठेवून घेतलं. ती सकाळी वेणीफणी करून, पांढरी किनारीची साडी नेसून भोंग्याच्या आधी निघते, ताई. घाईघाईने पाणी पिऊन. आपल्या लहानपणी बाबा निघायचे तशी.

एकदा मी छकुलीला कडेवर घेऊन बघायला गेले. खिडकीतून पाहिलं. तिच्या खांद्यावर एक शेंबडं पोर डोकं टाकून झोपलेलं आणि ती गुणगुणत होती. आपलं गाणं होतं ते. बाबांनी तिला शिकवलेलं, आपल्याला झोपवताना म्हणायची ते. ताई, मी घरी आले आणि वरण करपवलं. बाळूला उगाच धपाटा घातला. तो छकुलीवर जळतो म्हणून मी त्याला रोज समजावते. मला कोण समजावणार?

तू जळतेस की आई माझ्याकडे आहे. मीही तेच करते. फक्त मला पत्र लिहायला कुणी नाही.

कमल

नागपूर, २५ एप्रिल

कमल,

अशोकला ताप आहे. चार दिवस उतरत नाही. सारखं "आजी, आजी" करतो. डॉक्टर म्हणतात, बघू. आईला सांग.

ताई

भोपाळ, ९ मे

ती. ताई,

अशोक कसा आहे? तू एक ओळसुद्धा लिहिली नाहीस.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी आईने पिशवी भरली. झूलाघरच्या किल्ल्या कुसुम दुबेंच्या हातात दिल्या. हे तिला हबीबगंज स्टेशनवर सोडायला गेले. प्लॅटफॉर्मवर तिने यांना विचारलं, "टायफॉइड तर नसेल ना?" एवढंच.

आणि चौथ्या दिवशी सकाळी आई दारात. मला वाटलं भलतंच काही झालं. मी म्हटलं, "अशोक?" ती म्हणाली, "छान आहे. कैऱ्या खातोय." आंघोळ केली, झूलाघरात गेली.

मला हायसं वाटलं, आणि ताई, खरं सांगते, आनंदही झाला. मी जिंकले असं वाटलं. तुझ्याकडून परत माझ्याकडे आली. संध्याकाळी तिच्यासाठी मी अळूचं फदफदं केलं. ती जेवली आणि म्हणाली, "कमल, इथेच पलीकडे सोनागिरीत एक खोली बघितली आहे. एका रिटायर्ड मास्तरांच्या घरात, मागच्या बाजूला. एक तारखेपासून जाईन म्हणते."

मी म्हटलं, "आणि आम्ही?"

ती म्हणाली, "तुम्ही इथेच राहा. क्वार्टर चांगलं आहे."

ताई, नागपूरला काय झालं? तू तिला काय बोललीस? हे सगळं तुझ्यामुळे झालं.

कमल

नागपूर, १७ मे

कमल,

मी काही बोलले नाही. बोलला तो अशोक.

ताप होता. म्हणजे एक दिवस, थोडासा, आणि तो मी पत्र टाकायच्या आधीच गेला होता. पुढचं तू समजून घे. मला वाटलं, आई आली की तिच्याशी बोलेन, बेबी तिच्या गळ्यात पडेल, ती इथली पोळी लाटायला घेईल आणि भोपाळ आपोआप संपेल.

ती आली तेव्हा मी ऑफिसला निघत होते. रिक्षा थांबली. अशोक कंपाउंडच्या भिंतीवर बसून मिठाला लावून कैरी खात होता. "आजी!" करून त्याने वरून उडीच मारली. आईने तरी त्याच्या कपाळाला हात लावला. गालाला लावला. पोटाला लावला.

"ताप कधी उतरला रे?" तिने विचारलं.

"आई म्हणाली होती, आजी आली की पांघरूण घेऊन झोप," अशोक म्हणाला, "पण तू सांगितल्यापेक्षा लवकर आलीस."

कमल, माझ्या खांद्याला पर्स, पायात चप्पल. मी तशीच उभी. आई माझ्याकडे बघत राहिली. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. रात्रभराच्या गाडीने तिचे डोळे लाल झाले होते. म्हणाली, "बरं झालं. मूल बरं आहे ना, मग झालं."

मग तिने पदर खोचला. दोन दिवसांत तिने अशोकच्या शर्टांना गुंड्या लावल्या, मुंग्यांचं बीळ शोधलं (पोळ्या ह्यांच्या जुन्या बुटात होत्या), बेबीच्या डोक्यातल्या जटा सोडवल्या. माझ्याशी नेहमीसारखी बोलत होती. निघताना म्हणाली, "रत्ना, हा खरंच आजारी असता तर मी कितीही दिवस राहिले असते. आता कशासाठी राहू?" "माझ्यासाठी" असं म्हणायचं होतं. माझी चाळिशी जवळ आली. ते तोंडून निघेना.

ह्यांनी मला काही म्हटलं नाही. फक्त दोन दिवस स्वतःचा चहा स्वतः केला.

आणि तू लिहितेस की जिंकल्यासारखं वाटलं. वाटू दे. आता सोनागिरी जिंकली.

रत्ना

सोनागिरी, ३ जून

चि. रत्ना आणि चि. कमल,

दोघींना एकच पत्र लिहिते आहे, खाली कार्बन घालून. कुणाला आधी लिहिलं यावरून भांडण नको. कुणाला कार्बनची प्रत आली यावरूनही नको.

मी खोलीत राहायला आले. खोली हवेशीर आहे. मास्तरीणबाई चांगल्या आहेत, फार बोलत नाहीत. पहिल्या दिवशी सवयीने पातेलंभर भात लावला, उरला. तो खाऊन दोन दिवस काढले, तोवर तुमच्यावरचा राग गेला. आता मापाचा लावते.

तुम्हाला वाटतं, मला नातवंडांपेक्षा ती मुलं जास्त. तसं काही नाही. अशोकच्या तापाचं ऐकून माझा गाडीत डोळ्याला डोळा लागला नाही, ते विसरू नका. पण तुमचे वडील गेल्यापासून लोक एकच विचारतात, आई सध्या कुणाकडे? मी सांगायची, मोठीकडे, नाहीतर धाकटीकडे. त्यात वाईट काही नव्हतं. तुम्ही दोघींनी मला प्रेमाने ठेवलं. पण ठेवलं.

झूलाघरात मुलं असतात तेवढा वेळ मी जीव लावून करते. मग कारखान्याचा भोंगा होतो, त्यांच्या आया येतात, "नानीजी, थक गई होंगी" म्हणतात, मुलं घेऊन जातात. माझं काम संपलं. तुमच्या घरी भोंगा नव्हता. कमलकडे राहून झूलाघरात जायचं, तर घरी आल्यावर दुसरी पाळी सुरू होते. तिने करायला सांगितलं नाही, पण पसारा दिसला की हात जातो. हाताची खोड मला आता मोडता येणार नाही. म्हणून हातच लांब ठेवले.

रविवारी बाळूला माझ्याकडे पाठव. एकट्याला. त्याला कुणीतरी एकट्याला घ्यायला हवं आहे.

रत्ना, तुला काही म्हणायचं होतं निघताना. ते मला कळलं. पुढच्या वेळी मुलाला ताप न आणता लिही.

तुमची,
आई

भोपाळ, २२ जुलै

ती. ताई,

कार्बनची प्रत मलाच आली. वरची तुला. काही बोलत नाही.

आता ऐक आणि हसू नकोस. मी नोकरी धरली. इथल्या शाळेत शिशुवर्गाला, अर्ध्या दिवसाची. तू म्हणशील, अचानक कसं? मी छकुलीला घेऊन झूलाघरात गेले होते. म्हटलं, आई, आठवड्यातून दोन-तीनदा हिला इथे ठेवत जाईन. निदान आजीचा वास तरी ओळखेल. आई टेबलामागे बसली होती, चष्मा लावून. माझ्याकडे वर बघितलं आणि म्हणाली, "आई नोकरी करते का?"

मी म्हटलं, "कुणाची आई?"

"मुलीची."

"आई, मुलीची आई मी आहे! तुला माहीत आहे मी काय करते ते!"

"मला माहीत आहे गं. पण नियम नोकरीवाल्यांसाठी आहे. बाळूच्या वेळी कुसुमताईंनी सांभाळून घेतलं, ते चुकलं. माझ्या नातीला घेतलं तर उद्या सगळ्या आपापल्या नाती घेऊन येतील."

मी तरातरा घरी आले. यांना सांगितलं. हे पोट धरून हसले. मग मी खरंच अर्ज केला. यांचं म्हणणं असं की लोक नोकरीसाठी पोरांना झूलाघरात घालतात, झूलाघरासाठी नोकरी करणारी तू पहिलीच.

पहिल्या दिवशी मी छकुलीला सोडायला गेले. आईने पिशवी तपासली. "लंगोट कमी आहेत. बाटली उकळली होती का? काजळ एवढं कशाला?" अगदी परकी आई असल्यासारखी मला झापली. मागे तीन जणी रांगेत उभ्या. मी "जी" म्हटलं. मराठीत "हो" म्हणायचं सुचलंच नाही.

निघताना खिडकीतून बघितलं. छकुली तिच्या मांडीवर. पण दुसऱ्या मांडीवर दुसरं पोर होतंच.

बाळू दर रविवारी सोनागिरीला जातो. काय करता विचारलं तर सांगत नाही. म्हणतो, "वो हमारी बात है." मला त्याचाही हेवा वाटतो, सांगू का? स्वतःच्या मुलाचा. पण परवा दूधवाल्याने थट्टेने विचारलं, "क्यों भैया, आज दे दो छोटी को?" तर हा दारात आडवा उभा राहिला. "नहीं. आपके कैन भरे हैं."

दिवाळीत ये. सगळे या. आई कुणाकडे फराळ करणार नाही म्हणते. आपण दोघीच करू.

कमल

नागपूर, ८ नोव्हेंबर

प्रिय कमल,

पोहोचलो. गाडीत बेबीने समोरच्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या पगडीत चकलीचे तुकडे भरले, त्यांना इटारसीपर्यंत कळलं नाही. चकल्या मऊ पडल्या त्या तुझ्यामुळे. मोहन कमी होतं, मी तेव्हाच म्हणत होते.

एक गोष्ट तुला तिथे सांगितली नाही. निघायच्या दिवशी सकाळी तू शाळेत गेलीस, तेव्हा मी एकटी झूलाघरात गेले. आईला म्हटलं, नुसती बसते. ती म्हणाली, बस कोपऱ्यात, मध्ये येऊ नकोस. मी बसले त्या बुटक्या खुर्चीत. गुडघे हनुवटीला.

बघत होते तिला. आपल्या घरी ती कधी अशी हसत नव्हती, की हसत होती आणि मी ऑफिसच्या घाईत असायचे? आता ठरवता येत नाही. एका पोराने दूध सांडलं, दुसऱ्याने त्यात हात फिरवून चित्र काढलं, आणि ती ते चित्र बघायला वाकली. पुसायच्या आधी बघितलं तिने. मला मत्सर वाटला, कमल. त्या सांडलेल्या दुधाचासुद्धा.

तेवढ्यात एक मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. चारेक वर्षांची, दोन वेण्या, एक सुटलेली. मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"आप किसकी मम्मी हो?"

मी म्हटलं, "यहाँ किसी की नहीं."

"फिर क्यों आई?"

मी आईकडे बोट दाखवलं. "मैं उनकी बेटी हूँ."

ती हसली. अगदी मोठ्या माणसासारखी. "झूठ. इतनी बड़ी थोड़ी होती है बेटी. नानीजी की तो हम हैं."

मी गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हटलं, "नहीं. मैं पहले से हूँ."

"हम रोज आते हैं."

"मैं तुमसे बहुत पहले आई थी."

"तो फिर चली क्यों गई थी?"

कमल, मी त्या पोरीशी भांडत होते. हिंदीत. आवाज चढवून. आणि हरत होते. शेवटी दोघी एकदम ओरडलो, "नानीजी!" आणि "आई!"

आई आली. हाताला दूध आणि रांगोळीसारखं काहीतरी लागलेलं. आमच्या दोघींकडे बघितलं. मला वाटलं, आता सांगेल, ही माझी मोठी मुलगी. एवढंच तर ऐकायचं होतं. ती म्हणाली,

"खाने का टाइम हो गया. दोघी आधी हात धुऊन या."

मी उठले. नळापाशी रांग होती. ती पोरगी माझ्या पुढे उभी राहिली आणि मागे वळून बघत होती, मी घुसते की काय म्हणून.

मी घुसले नाही. हात धुतले आणि आईने वाढलं तेवढं जेवले.

तुझी ताई